लोकलचा पहिला महिना: मुंबईत नव्याने आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

जूनमध्ये माझी भाची नोकरीसाठी मिरजेहून डोंबिवलीला आमच्याकडे राहायला आली. पहिले पंधरा दिवस रोज रात्री जेवताना तिचा एक तरी प्रश्न असायचाच. त्यातले बरेचसे प्रश्न ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलींनीही मला विचारले होते, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. मी २००३ पासून डोंबिवली ते भायखळा प्रवास करते. त्यामुळे इथे मध्य रेल्वेचं जास्त येईल, पश्चिमेचं कमी.

एवढी गर्दी का असते? गाड्या वाढवत का नाहीत?

मुंबई उत्तर-दक्षिण लांब आणि रुंदीला अरुंद आहे. कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला जमल्या आणि घरं वर वर सरकत गेली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी ३४ किलोमीटरवरच्या ठाण्याला गेली, तेव्हा ठाणं हे बाहेरगाव होतं. आज रोजचे प्रवासी ठाण्याच्या कितीतरी पुढे, कर्जत आणि कसाऱ्यापासून येतात. सीएसएमटीपासून, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून, कर्जत १०० किलोमीटर, कसारा १२१.

माझे सासरे परळच्या गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, हळूहळू चाळीतली खोलीही गेली, आणि त्या पैशांत डोंबिवलीला दोन खोल्या मिळाल्या. लालबाग-परळची अशी असंख्य कुटुंबं डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारला गेली. घर लांब गेलं, पोटापाण्याचं ठिकाण तिथेच राहिलं. आता वांद्रे-कुर्ला संकुल, अंधेरी, ऐरोली इथेही ऑफिसं झाल्यामुळे उलट्या दिशेच्या गाड्याही भरलेल्या असतात.

गाड्यांचं म्हणाल, तर गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांना एक गाडी सुटते. तेवढ्याच रुळांवर याहून दाट गाड्या सोडणं अवघड. शिवाय मध्य रेल्वेवर लांब पल्ल्याच्या गाड्यांनाही वाट द्यावी लागते. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झाली. कुर्ल्यापासून पुढे सीएसएमटीकडचं काम मात्र वर्षानुवर्षं चाललंय.

बारा डब्यांच्या गाडीत बसायला साधारण बाराशे जागा असतात आणि सकाळी आठच्या सुमाराला आत चार-साडेचार हजार माणसं असतात. रेल्वेच्या भाषेत याला ‘सुपर डेन्स क्रश लोड’ म्हणतात. एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे घरातल्या लहान जेवणाच्या टेबलाएवढ्या जागेत, चौदा ते सोळा माणसं उभी. भाचीला हा आकडा खरा वाटला नव्हता. सोमवारी कुर्ल्यापर्यंत जाऊन आली आणि मग खरा वाटला.

इंडिकेटर कसा वाचायचा?

त्यावर वेळ, गाडी कुठे जाणार, स्लो की फास्ट आणि डबे बारा की पंधरा एवढं दिसतं. फास्ट गाडी सगळीकडे थांबत नाही, आणि सगळ्या फास्ट गाड्या सारख्याही नसतात. काही मुलुंड, भांडुपला थांबतात, काही थांबत नाहीत. फास्ट असेल तर खाली स्टेशनांची नावं सरकतात. ती वाचल्याशिवाय चढू नका.

कल्याणच्या पुढे मार्ग दोन दिशांना फुटतो, ईशान्येला कसारा आणि आग्नेयेला कर्जत. म्हणून इंडिकेटरवर कसाऱ्याला एन आणि कर्जतला एस लिहितात. स्लो गाडीचं इंग्रजी अक्षरही एसच. नवी माणसं इथे हमखास गोंधळतात. गाडीचं नाव आणि स्लो-फास्टचं अक्षर वेगवेगळ्या जागी असतं, एवढं ध्यानात ठेवलं की झालं.

दादरला आणखी एक घोळ व्हायचा. पश्चिम आणि मध्य दोन्ही रेल्वेचे फलाट एक नंबरपासून सुरू व्हायचे, त्यामुळे ‘एक नंबरवर ये’ म्हटलं की दोघं दोन टोकांना उभी राहायची. डिसेंबर २०२३ पासून मध्य रेल्वेचे फलाट ८ ते १४ झाले आहेत.

चढायचं आणि उतरायचं कसं? मला तर कुणी उतरूच देत नाही.

चढणं सोपं आहे, उतरणं शिकावं लागतं. म्हणून आधी उतरण्याचं सांगते.

तुमचं स्टेशन येण्याच्या एक स्टेशन आधी उठा. फास्ट गाडीत दोन. उठून धक्के मारू नका. पुढच्या बाईला विचारा, “भायखळा?” ती “हो” म्हणाली तर तिच्या मागे उभं राहा. “नाही” म्हणाली तर ती स्वतःच अंग चोरून तुम्हाला पुढे घेईल आणि तुमच्या जागी जाईल. हे सगळं गाडी पळत असताना, गाडी थांबण्याआधी होतं. गाडी थांबली की बोलायला वेळ नसतो, थांबा जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असतो. जो रांग न लावता ऐनवेळी ओरडत आतून येतो त्याला सगळे ओरडतात, आणि ते बरोबरच आहे.

फलाट कोणत्या बाजूला येणार हेही आधीच विचारून ठेवा. पहिल्या आठवड्यात भाची घाटकोपरला उलट्या बाजूच्या दाराशी जाऊन उभी राहिली आणि कुर्ल्याला उतरून परत आली. घाटकोपरला २०१४ पासून मेट्रो मिळते, त्यामुळे अंधेरीकडे जाणारा लोंढा तिथेच उतरतो आणि तितकाच लोंढा चढतो. अशा स्टेशनावर तुम्हाला उतरायचं नसेल तर दारातल्या वाटेत उभ्याच राहू नका, आत सरका. आत हवा कमी असते हे खरं, पण दारातल्या वाटेत तुम्ही फक्त फेकले जाता.

चढताना आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या. बाजूला उभं राहून वाट मोकळी ठेवली तर ती लवकर उतरतात आणि तुम्हालाही चढायला मिळतं. सॅक पाठीवरून काढून पुढे घ्या. ओढणीला गाठ मारा. छत्री मिटलेली आणि टोक खाली. चालत्या गाडीत कधीही चढू नका. यार्डातून येणारी रिकामी गाडी थांबायच्या आधी खिडकीसाठी उड्या मारणाऱ्या बायका तुम्हाला दिसतील. त्यांच्याकडून बाकी सगळं शिका, हे शिकू नका.

डबा कुठे येतो हे फलाटावरच्या खांबांवर रंगीत तिरक्या पट्ट्यांनी दाखवलेलं असतं. तुमचा डबा तुमच्या जिन्यासमोर थांबतो की नाही हे दोन दिवसांत कळतं. उतरायच्या स्टेशनच्या जिन्यासमोर येणारा डबा पकडला तर पाच मिनिटं वाचतात, आणि जिन्यावरच्या चेंगराचेंगरीतूनही सुटका होते.

बायका एकमेकींना “कुठे?” असं का विचारतात?

तो जागेचा व्यवहार आहे. बसलेली बाई कुठे उतरणार हे विचारायचं, ती “ठाणा” म्हणाली की “मला द्या हं” म्हणायचं, आणि ती जागा तुमची झाली. तिच्यासमोर दुसरी कुणी उभी असली तरी उठणारी बाईच सांगते, “यांनी विचारलंय.” ना चिठ्ठी ना नंबर, शब्दावर चालतं. बावीस वर्षांत हा शब्द मोडलेला मी फार थोड्या वेळा पाहिला. मुंबईवर माझा जीव का आहे असं कुणी विचारलं, तर मी समुद्राच्या आधी हे सांगते.

तीन जणींच्या बाकावर चौथी बसते, तिला ‘फोर्थ सीट’ म्हणतात. अर्धं अंग बाहेर असतं, पण पायांना आराम मिळतो. बाकीच्या तिघी थोडं थोडं सरकतात. सरकायला सांगावं लागू नये, ही रीत.

उलट दिशेने जाऊन जागा पकडणं बरोबर आहे का?

याला ‘रिटर्न करणं’ म्हणतात. डोंबिवलीहून कल्याणला जायचं आणि तीच गाडी मुंबईकडे परत निघते तेव्हा बसून यायचं. पास कल्याणपर्यंतचा असेल तर त्यात काही गैर नाही. पास डोंबिवलीचाच असेल तर तो विनातिकीट प्रवास झाला. अडचण अशी की कल्याणला उभ्या असलेल्या माणसाला स्वतःच्याच स्टेशनवर जागा मिळत नाही, म्हणून वाद होतात. गुडघे दुखायला लागल्यापासून मी कल्याणचा पास काढते आणि आठवड्यातून दोनदा रिटर्न करते. ठाण्याला चढणाऱ्या म्हाताऱ्या बाईला मात्र ती जागा देते.

पास कोणता काढू? फर्स्ट क्लास घेऊ का?

मासिक पासापेक्षा तिमाही परवडतो. तीन महिन्यांचे पैसे मासिकाच्या २.७ पट, सहा महिन्यांचे ५.४ पट आणि वर्षाचे १०.८ पट. रांगेचाही त्रास वाचतो. नोकरी टिकेल की नाही हे कळेपर्यंत पहिला पास मासिकच काढा.

गर्दीच्या वेळी फर्स्ट क्लासमध्ये बसायला मिळेल या आशेने पैसे भरू नका. तिथेही उभंच राहावं लागतं. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ पासून धावते आणि तिची दारं बंद होतात, म्हणून लांबून येणाऱ्यांना ती खरोखर बरी पडते. फेऱ्या कमी आहेत, एक चुकली की पुढची बराच वेळ नसते. एसीचा पास साध्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये चालतो. सेकंड क्लासचा पास एसीत चालत नाही, टीसी दंड लावतो.

दारात उभी राहिले तर चालेल? वारा येतो.

नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला हळू आवाजात देता येत नाही. २०११ च्या पावसाळ्यात मुंब्र्याच्या पुढे माझा ओला हात दांडीवरून सुटला. मागच्या मुलीने माझ्या पर्सचा पट्टा आणि ड्रेसची मान धरून मला आत ओढलं. ठाण्याला ती उतरून गेली. तिचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही. त्यानंतर दहा दिवस मी पहाटेच्या गाडीने गेले.

९ जून २०२५ ला त्याच मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. ती कामावर निघालेली माणसं होती. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवण्याचं रेल्वेने जाहीर केलं. मुंबईच्या लोकलवर एकेका वर्षात दोन हजारांहून जास्त माणसं गेली आहेत. त्यात रूळ ओलांडताना गेलेली सर्वांत जास्त आणि गाडीतून पडलेली त्याखालोखाल. या आकड्यासमोर ‘मुंबईचं स्पिरिट’ असं कुणी म्हटलं की मला राग येतो. माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा गाडी पकडतात, कारण पगार कापला जातो.

दार ज्यांच्या वाट्याला येतं त्या सगळ्यांना वाऱ्याची हौस नसते हेही सांगते. अनेकांना आत शिरायलाच मिळत नाही. तशी वेळ आली तर ती गाडी सोडा. पुढची चार मिनिटांत आहे. उशीर झाला म्हणून बोलणी खावी लागली तर खा. आणि दारात फोन हातात धरू नका. रुळांलगत उभं राहून हातावर काठीचा फटका मारून फोन पाडणारे चोर असतात, त्यांना ‘फटका गँग’ म्हणतात. फोन वाचवायला वाकून जिवाला मुकलेली माणसं आहेत.

पूल लांब आहे, रूळ ओलांडले तर?

पूल कितीही लांब असला तरी पुलावरूनच जा. कायद्याने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे, पण तुम्हाला थांबवायला ते कारण पुरत नसेल तर हे ऐका: लांबून येणाऱ्या फास्ट गाडीच्या वेगाचा अंदाज डोळ्यांना येत नाही, आणि एका गाडीच्या आवाजात दुसरीचा आवाज ऐकू येत नाही.

पुलावरही गर्दीत थांबू नका. २९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड, आताच्या प्रभादेवी स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पाऊस आला म्हणून लोक जिन्यावर थांबले होते आणि मागून गाड्यांची माणसं येत होती. तेव्हापासून जिना भरलेला दिसला की मी फलाटावरच बाजूला थांबते.

लेडीज डब्यात भांडणं फार होतात म्हणे?

होतात. पाय पडला, केस तोंडावर आले, पर्स लागली, एवढ्यावरून होतात. सकाळी पाचला उठून डबे भरून, मुलाला शाळेला तयार करून निघालेल्या बाईचा संयम मुलुंडपर्यंत संपलेला असतो. “सॉरी ताई” म्हणून टाका, चूक नसली तरी. नव्वद टक्के वेळा पुढे काही होत नाही.

पण भांडणापेक्षा दुसरी बाजूच जास्त आहे. चक्कर येतेय असं वाटलं तर लाजू नका, मोठ्याने सांगा. लगेच खिडकी मिळते, कुणी लिंबाची फोड काढतं, कुणी साखरेची गोळी. गरोदर बाईला जागा मागावी लागत नाही. परतीच्या गाडीत भाजी निवडली जाते, मटार सोलले जातात. क्लिपा, कानातली, टिकल्या विकणाऱ्या बायका येतात आणि वीस रुपयांत पाहुणीला द्यायची वस्तू मिळते.

पश्चिम रेल्वेवर चर्चगेट ते बोरिवली ही पहिली लेडीज स्पेशल ५ मे १९९२ ला धावली आणि त्याच वर्षी मध्य रेल्वेवरही सुरू झाली. तिची वेळ जुळत असेल तर ती धरा. बाकी गाड्यांत लेडीज डब्यावर वेळ लिहिलेली असते, काही चोवीस तास बायकांचे, काही ठरावीक वेळेपुरते. रात्री उशिरा लेडीज डब्यात पोलीस असतो. त्याच्या जवळच बसा.

कुणी त्रास दिला तर?

ओरडा. कोण काय म्हणेल याचा विचार करू नका, डबा तुमच्या बाजूने उभा राहतो. मग रेल्वेच्या मदतीच्या १३९ या नंबरवर किंवा रेल्वे पोलिसांच्या १५१२ वर फोन करा. गाडीची वेळ, कोणत्या दिशेची आणि पुढून कितवा डबा हे सांगा. म्हणूनच मी भाचीला रोज चढताना डबा मोजायला सांगितलंय. साखळी ओढायची वेळ आलीच तर ओढा. जिवाचा प्रश्न असेल तेव्हा दंडाचा विचार करायचा नसतो.

ग्रुपमध्ये शिरावं का?

शिरा, पण हळूहळू. रोज त्याच गाडीला, त्याच डब्याला उभ्या राहा, पंधरा दिवसांनी कुणीतरी “आज उशीर?” विचारतं. तिथून सुरू होतं. आमच्या ग्रुपमध्ये भिशी आहे, संक्रांतीनंतर हळदीकुंकू असतं, दोघींची डोहाळजेवणं ठाणे ते भायखळ्याच्या दरम्यान झाली आहेत. दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण लागतं, पूजा होते, पेढे वाटले जातात. पुरुषांच्या डब्यांत टाळ वाजवून भजनं चालतात.

एक गोष्ट मला आवडत नाही. काही ग्रुप रुमाल टाकून जागा अडवतात आणि नव्या मुलीला बसू देत नाहीत. रुमालाने जागा होत नाही. मी आमच्यात हे बंद करायला लावलं आणि त्यावरून दोन मैत्रिणी महिनाभर बोलल्या नाहीत.

पावसात गाड्या बंद पडल्या तर काय करायचं?

कुर्ला, शीव, चुनाभट्टी, मशीद इथे पाणी लवकर साचतं. जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाणी समुद्रात जात नाही, रुळांवर चढतं. सकाळी भरतीची वेळ पाहून निघा, मी ती कॅलेंडरवर लिहून ठेवते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी त्या रात्री ऑफिसातच राहिले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चालायला लागले. विक्रोळीला एका चाळीतल्या बाईंनी कोरडी साडी दिली, चहा आणि पोहे दिले. ती साडी मी आठ दिवसांनी धुऊन परत नेऊन दिली, तर त्यांनी ती घेतली नाही.

गाडी मध्येच अडकली तर घाईने रुळांवर उतरू नका. शेजारच्या रुळावरून गाडी येऊ शकते. पर्समध्ये बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली, एक गोळी औषधाची आणि फोनचा पॉवर बँक जून ते सप्टेंबर असू द्या.

रविवारी गाड्या उशिरा का?

मेगाब्लॉक. पश्चिमेला त्यालाच जम्बोब्लॉक म्हणतात. लोकल रात्री साधारण एक ते चार एवढीच थांबते, तेवढ्या वेळात रूळ आणि वायरींची सगळी कामं होत नाहीत, म्हणून रविवारी काही मार्ग बंद ठेवून ती करतात. शनिवारी वेळापत्रक पाहून ठेवा. लग्नाला जायचं असेल तर नक्कीच.

रोजचे तीन तास फुकट जातात, याचं वाईट वाटत नाही?

वाटतं. मुलगा लहान होता तेव्हा फार वाटायचं. मी त्याची पहिली पावलं पाहिली नाहीत, सासूबाईंनी पाहिली. प्रवासाने माणूस घडतो वगैरे म्हणून ते भरून निघत नाही. पण त्याच तासांत मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास केला, दोन स्वेटर विणले, आणि ज्यांच्याशिवाय माझं चाललं नसतं अशा पाच बायका मला मिळाल्या. घराजवळ चांगली नोकरी मिळत असेल तर पगार थोडा कमी असला तरी घ्या, हे मी भाचीला पहिल्याच दिवशी सांगितलं.

बॅग गाडीत राहिली तर?

लगेच १३९ वर कळवा किंवा जवळच्या स्टेशनमास्तरांना गाठा. गाडीची वेळ, डबा आणि बॅग डाव्या की उजव्या रॅकवर होती हे सांगा. पुढच्या स्टेशनवर रेल्वे सुरक्षा दलाचा माणूस डब्यात बघतो. ओळखपत्र लागतं, आत काय काय होतं तेही विचारतात. भाचीचा जेवणाचा डबा परवा असाच राहिला होता. कल्याणच्या यार्डात जाणाऱ्या गाडीतून तो मिळाला, आतली भाकरी आणि पिठलं जसंच्या तसं.